झाकण

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा विद्यालयाचा निरोप आला, तेव्हा कार्यानुभवाची खोली आम्हां दोघांच्याही डोळ्यांपुढे प्रथम उभी राहिली. एकाच वसतिगृहात वाढलेले आम्ही दोघे आज अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शेजारी राहतो. फळीला रंधा मारून ती गुण्याने तपासण्याचे जे शिक्षण येथे मिळाले, त्यानेच आम्हांला तेथील एका वृद्ध गृहस्थांच्या कार्यशाळेत नेले. ते रानटर्कीला साद घालणारी लाकडी पेटी, म्हणजे ‘बॉक्स कॉल’, हाताने घडवीत. हात कापू लागल्यावर झाकणांचे काम त्यांनी आमच्यावर सोपविले.

पेटी वीतभर लांब व अरुंद. तिच्या दोन्ही बाजू पातळ. झाकण एका टोकाला स्क्रू आणि स्प्रिंगने बसविलेले. खडू लावून ते बाजूच्या काठावरून सरकवले की क्षणभर अडते, सुटते, पुन्हा अडते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरावा तसे. त्या कंपनातून मादीची साद उमटते, आधी उंच, मग खाली उतरणारी. आर्कान्सा राज्यातील हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली अशा पेटीचे पेटंट घेतले होते.

शाळेत फळीवरचा उंचवटा हा दोष ठरे. येथे झाकणाच्या खालच्या अंगाला तो हवाच असतो, पण अगदी हलका. तो कमीअधिक झाला की साद पक्ष्याची राहत नाही. म्हणून रंध्याचे एकदोन हात, मग कानस, मग कान देऊन ऐकणे. फळ्यावरचा नेहमीचा खडूही चालत नाही; तेलाचा अंश नसलेलाच लागतो. अक्रोडाच्या लाकडाचे पहिले झाकण बरोबर बोलले, त्या दिवशी आम्हांला परीक्षेत पहिले आल्याचा आनंद झाला.

या पेट्या शिकारीसाठी जातात, हे आम्हांला ठाऊक होते. ‘आपण तर केवळ झाकण करतो’, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. एप्रिलमधील एका पहाटे नवे झाकण पारखायला आम्ही रानाच्या कडेला बसलो. तीनचार सादा दिल्या. पिसारा फुलवून एक नर झाडीतून बाहेर आला आणि तेथे नसलेल्या मादीला शोधीत कितीतरी वेळ फिरत राहिला. त्या दिवशी बंदूक कोणाकडेच नव्हती, तरी आमची मान खाली गेली. पहिल्या शीलाबरोबर चौथे शीलही आठवले. आम्ही लाकडाकडून खोटे बोलवीत होतो, आणि पेटीचा आवाज म्हणजे झाकणच होते.

शिकारीसाठी यापुढे झाकणे करणार नाही, असे आम्ही आजोबांना सांगितले. ते रागावले नाहीत. शिकार आणि जंगलतोड यांमुळे अनेक राज्यांतून नाहीसा झालेला हा पक्षी पुन्हा रानांत सोडला गेला, त्या कामाला बंदुका व काडतुसांवरील १९३७ सालच्या कायद्याच्या कराचा मोठा आधार होता, हे त्यांनी शांतपणे सांगितले. मग विचारले, “तुमच्या ताटातली कोंबडी कोण मारतो?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. तो धडा येथे आम्ही गुणांसाठी पाठ केला होता; त्याचा अर्थ त्या कार्यशाळेत उमगू लागला. आजोबा मारलेला पक्षी खात, टाकून देत नसत. त्यांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र आम्हांला तशी गरज नव्हती. होती ती केवळ कौतुकाची हौस. ताटातली कोंबडी आम्ही त्यानंतर सोडली.

आजोबांकडे आम्ही आजही जातो. त्यांच्यासाठी लाकूड कापतो, खुर्च्या दुरुस्त करतो. पक्षी पाहणाऱ्यांसाठी क्वचित एखादे झाकण घडवतो, आणि ते कोणाच्या हाती जाणार हे आधी विचारतो. आज विद्यालयात रंधा हाती घेणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे: फळी गुण्याने तपासालच, पण आपण घडवलेली वस्तू पुढे काय करणार आहे, हेही तपासा. आम्हांला ते उशिरा सुचले.