चौथा चिमटा

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं आणि सकाळी नवाच्या आत तिथं पोचायचं होतं. रहिमतपूरच्या मळ्यातून निघून मसूर, कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली असा रस्ता. आतेभाऊ नोकरीला पुण्यात, त्याची गाडी मळ्यातल्या शेडमध्येच उभी असते, म्हणून आत्याला न्यायला मी आदल्या संध्याकाळी एसटीने येऊन राहिलो होतो. डिसेंबर सरत आला होता. पाणी पाजलेल्या उसाच्या रानातून पहाटे जी थंडी येते ती शालीला जुमानत नाही. आत्याला मागच्या सीटवर बसवलं, चावी फिरवली, आणि इंजिनातून नुसतं कट-कट-कट आलं. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत विझून गेले.

दिवे झगझगीत आणि सेल्फ मुका असेल तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो. चावी फिरवताच दिवे मान टाकत असतील तर बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिची टर्मिनलं सैल किंवा गंजलेली असतात. पुतण्याने मोबाइलचा उजेड धरला. टर्मिनलं घट्ट होती, त्यांच्यावर पांढरी-हिरवी भुकटीही नव्हती. बॅटरी चार वर्षांची झालेली, त्यात गाडी बरेच दिवस जागची हललेली नाही. अशी बॅटरी थंडीत पहिली दगा देते, कारण थंडीने तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. साध्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा सुरुवातीच्या क्षणी शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. दिवा लावण्यापुरता करंट उरलेला असून गाडी उठत नाही, ती यामुळे.

“हँडल मार की त्याला,” आत्या आतून म्हणाली. तिच्या म्हणण्याला आधार होता. मामांच्या विहिरीवर कूपरचं इंजिन होतं. धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या कारखान्याचं हे इंजिन आमच्या भागात घरच्यासारखं होतं, आणि ज्या सातारा रोडला ती बनत ते गाव मळ्यापासून फार लांब नाही. त्याला बॅटरी नव्हतीच. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल गरगर फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. मामा गेल्यावर काही वर्षं ते आत्यानेच चालवलं. मोटारींनाही एके काळी असंच हँडल मारावं लागे. विजेवर चालणारा सेल्फ अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा बसला. आता मात्र गाडीच्या पुढे हँडल घालायला भोकसुद्धा नसतं.

शेजारच्या रानातली दोन माणसं धक्का द्यायला आली. शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत उतार आहे, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की उठेल, असं त्यांचं म्हणणं. जुन्या गाडीला ते चाललं असतं. हल्लीच्या गाडीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर यांना आधी वीज लागते. बॅटरी पार उतरली असेल तर कितीही ढकला, इंजिन पेट घेत नाही. शिवाय बंद इंजिनावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड जातं. उताराच्या टोकाला कॅनॉल होता. मागे आत्या बसलेली. मी नको म्हणालो.

पलीकडच्या फडात तोड चालू होती. टोळी बीडकडची, पहाटेच मोळ्या भरत होती. पुतण्या तिकडे धावला आणि उसाचा एक ट्रकवाला यायला तयार झाला. पण त्याच्या आधी ट्रॅक्टरवाला पुढे आला. पंचविशीतला पोरगा, डोक्याला मफलर. “ट्रक लावू नका, दादा. त्याला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट असतेत. तुमची गाडी बाराची. कॉम्प्युटर जळून जाईल.” त्याने ट्रॉल्या सोडल्या आणि नुसता ट्रॅक्टर गाडीच्या नाकापाशी आणून बंद केला. ट्रॅक्टर बाराच व्होल्टचा.

पुतण्याने मोटारीच्या पेटीतली वायर आणली होती. पोराने ती बोटांत धरली आणि परत दिली. एवढ्या बारीक तारेतून सेल्फचा करंट गेला तर वरचं प्लास्टिक वितळतं. त्याच्याकडे वेल्डिंगच्या जाड केबलचे दोन तुकडे होते, टोकांना चिमटे बसवलेले. ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर वाजवणाऱ्यांची बॅटरी अधूनमधून बसतेच, त्यामुळे ही केबल सीटखाली कायम असते, असं त्याने सांगितलं.

त्याने जे केलं ते मी नीट पाहिलं, आणि ते प्रत्येक गाडीवाल्याला यायला हवं असं मला मनापासून वाटतं. लाल केबल आधी आमच्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या प्लसला. काळी केबल ट्रॅक्टरच्या मायनसला. चौथा चिमटा मी आमच्या मायनसकडे नेणार असं वाटून त्याने माझा हात धरला. “तिथं नाही. इंजिनाच्या बोल्टला, बॅटरीपासून लांब.” शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो, तो तिच्या आसपास साचलेला असला तर एवढी ठिणगी बॅटरी फोडायला पुरते, आणि आतलं ॲसिड तोंडावर येतं. असं डोळ्यांत ॲसिड गेलेला माणूस त्याने गेवराईला पाहिला होता. डोळ्यांच्याच कामाला निघालेली आत्या काच खाली करून हे सगळं ऐकत होती.

मग त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि पाचेक मिनिटं तसाच चालू ठेवला. आमच्या बॅटरीत थोडा जीव येऊ दे, म्हणाला. चावी फिरवली. सेल्फ आधी रेंगाळला, मग फिरला आणि इंजिन लागलं. चिमटे त्याने उलट्या क्रमाने काढले, बोल्टवरचा काळा सर्वांत आधी. पैसे घेतले नाहीत. टोळीतल्या बायांसाठी आत्याने चहा-साखरेचे पुडे पाठवले, ते मात्र त्याने घेतले.

मिरजेपर्यंत इंजिन बंद केलं नाही. आत्याला दवाखान्यात सोपवून बॅटरीच्या दुकानात गेलो. इंजिन चालू असताना टर्मिनलांवर चौदा व्होल्टच्या वर दिसत होतं, म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. लोड टेस्टर लावल्यावर बॅटरीचा काटा मात्र खाली कोसळला. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. नवी घेतली. जुनीचे पैसे दुकानदाराने बिलात वळते केले. तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात, त्यामुळे मेलेल्या बॅटरीलाही भाव असतो.

ऑपरेशन चांगलं झालं. संक्रांतीला गेलो तेव्हा जाड तांब्याची केबल घेऊन गेलो आणि शेडमध्ये पुतण्याकडून सगळा क्रम करून घेतला. टोळी तोवर मसूरकडे गेली होती. पुतण्याने तीन चिमटे बरोबर लावले आणि चौथा बॅटरीवर नेला, तेव्हा पायरीवर बसलेली आत्या माझ्या आधी म्हणाली, “तिथं नको रे, बोल्टला.”