आई, खरं सांग, किती दुखतंय?

तुमच्या घरात असं एक माणूस नक्की असेल. अंगात ताप फणफणत असला तरी ‘काही नाही, जरा कणकण आहे’ म्हणणारं, दारात बोट चेमटलं तरी तोंडातून ब्र न काढणारं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे आई. तिच्या सोशीकपणाचं आम्हाला सगळ्यांना भारी कौतुक होतं. इतकं, की गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं त्या रात्री मीच नर्सला मोठ्या अभिमानाने म्हणाले, ‘हमारी आई बहुत सहन करती हैं, आप चिंता मत कीजिए.’

ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून तर तुमच्यापाशी बोलायला बसलेय.

आम्ही इंदूरचे, तीन पिढ्यांपासून. आई ७१ वर्षांची. पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, असं ठरलं होतं. पण आत इतकी सूज आणि चिकटाचिकट निघाली, की डॉक्टरांना मध्येच बेत बदलून पोट उघडावं लागलं. उजव्या बरगडीखाली वीतभर छेद.

भूल उतरली. दर काही तासांनी नर्स यायची आणि विचारायची, ‘अम्मा, दर्द कितना है? शून्य से दस में बताइए.’ आई डोळेही न उघडता म्हणायची, ‘ठीक है बेटा.’ कधी फारच आग्रह झाला तर ‘दो’. कागदावर दोनची नोंद व्हायची. ‘दुखल्यास इंजेक्शन’ असं लिहून ठेवलेलं होतं, पण आई दुखतंय म्हणेना, त्यामुळे ते इंजेक्शन ट्रेमध्येच राहिलं. दुसऱ्या दिवशी ती शांत पडून होती. मला वाटलं, विश्रांती घेतेय. शेजारच्या कॉटवरचे एक काका रात्रभर कण्हत होते आणि मी मनात म्हणत होते, बघा, आमची आई कशी!

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१ दिसू लागले. सर्जननी भूलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. तोवर माझी समजूत अशी, की भूलतज्ज्ञांचं काम ऑपरेशनच्या दारातच संपतं. बाई आल्या, आईच्या उशाशी बसल्या. ‘दुखतंय का?’ असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, ‘अम्मा, एक बार ज़ोर से खाँसिए.’

आईने प्रयत्न केला. घशातून नुसता ‘हं’ असा आवाज आला. चेहरा पांढराफटक पडला, हात आपोआप पोटाकडे गेला.

‘मिल गया जवाब,’ बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला जे समजावलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. बरगडीखालचा छेद श्वासागणिक ओढला जातो. दुखू नये म्हणून माणूस नकळत वरवरचा, चिमणीसारखा श्वास घेतो. खोकणं टाळतो, कूस बदलत नाही. मग फुप्फुसाचा खालचा भाग हवेअभावी मिटत जातो, कफ साठतो आणि त्यातून न्यूमोनियाही होऊ शकतो. चालणं लांबलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. वयस्कर माणसांना तर हे सगळं जास्तच. ‘पडल्या पडल्या दुखत नाही हे ठीकच आहे,’ बाई म्हणाल्या, ‘पण हलताना, खोकताना किती दुखतं, ते मला हवंय.’ मी शरमेने गप्प. जिला मी विश्रांती समजत होते, ती दोन दिवस श्वास चोरून पडलेली होती.

त्या दिवशी औषधांची पद्धतच बदलली. पॅरासिटामॉल घड्याळाच्या काट्यावर, दुखो न दुखो. पोटाच्या त्या भागाकडे जाणाऱ्या नसांजवळ, सोनोग्राफीच्या मशीनवर बघत, बधिरतेचं इंजेक्शन. एवढं करूनही दुखलंच तर थोडं अफूवर्गातलं औषध. निरनिराळ्या वाटांनी काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र दिली, की जोरदार औषध कमी लागतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात हा विचार लावून धरला. दुखणं आधीच आवरा, रोग्याला लवकर चालतं-खातं करा, म्हणजे तो लवकर सावरतो. आईची क्रिएटिनिनची तपासणी फारशी चांगली नव्हती, म्हणून सुजेवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बाईंनी टाळल्या. तुमच्या घरी कुणाला किडनीचा त्रास असेल, तर हे आधीच सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणूच नका.

‘पण सवय लागली तर?’ आईचा पहिला प्रश्न हा. बाई हसल्या नाहीत, ते मला आवडलं. म्हणाल्या, भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत डॉक्टरांनी असल्या गोळ्या घरी नेण्यासाठी वारेमाप लिहून दिल्या आणि तिथे फार मोठं नुकसान झालं. पण हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली, दोन-चार दिवसांपुरतं दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट आहे.

आईच्या हातात तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र आलं. नळीतून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढतात. माझी लेक सई आजीशी पैज लावायची. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला फिजिओथेरपिस्टने शिकवलं. इतकी साधी युक्ती, पहिल्याच दिवशी कळली असती तर!

आणि खिडकी. चौथ्या दिवशी खिडकीजवळची कॉट रिकामी झाली, तेव्हा बाईंनीच आईला तिथे हलवायला सांगितलं. बाहेर कडुलिंब होता. मला वाटलं, नुसती मनाची समजूत. पण १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचा. तोही नेमका पित्ताशयाच्या ऑपरेशनचा! ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती अशा २३ जणांची तुलना, विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांशी. झाडंवाल्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. अभ्यास छोटाच, पण कडुलिंब फुकट होता.

त्या संध्याकाळी राउंड संपवून बाई निवांत थांबल्या. बोलता बोलता म्हणाल्या, ‘दुखणं सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही, असं आम्ही डॉक्टरही किती वर्षं धरून चाललो होतो!’ आणि त्यांनी कंवलजीत आनंद यांची गोष्ट सांगितली. हे डॉक्टर आमच्याच इंदूरच्या एम.जी.एम. मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले, पुढे ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेले. तेव्हा समज असा होता, की नवजात बाळाच्या नसा कच्च्या असतात, त्याला दुखणं कळत नाही. शिवाय भुलीची औषधं त्या जिवाला झेपणार नाहीत ही भीती. त्यामुळे हृदयाजवळची वाहिनी बंद करण्याच्या ऑपरेशनलासुद्धा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बहुधा नायट्रस ऑक्साइड आणि हालचाल थांबवणारं औषध, एवढंच मिळे. आनंद यांनी काही बाळांना त्यासोबत फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, काहींना नेहमीसारखंच, आणि रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी निघाला, ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी. १९८७ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगभर बाळांना भूल देण्याची रीत बदलत गेली.

मी आपली ‘आपल्या इंदूरचे’ म्हणून खूश. आई मात्र एकदम गप्प झाली होती. बाई गेल्यावर तिने विचारलं,

‘मग नंदूला दुखलं असेल का गं?’

नंदू म्हणजे माझा दादा. १९७३ साली, वीस दिवसांचा असताना त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. विशीतली आई दाराबाहेर उभी. कुणीतरी तिला म्हणालं होतं, ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय, रडू नका.’ पन्नास वर्षं ती हे आम्हाला दिलासा म्हणून सांगत आली होती.

मी काय बोलणार? तिचा हात धरून बसले. दादाला फोन लावला. तो आपला हसून म्हणाला, ‘मला कुठलं आठवतंय गं? तू जेवलीस का?’ तिने फोन माझ्याकडे दिला आणि बराच वेळ त्या कडुलिंबाकडे बघत राहिली.

रात्री नऊला नर्स आली. ‘अम्मा, दर्द कितना है?’

आई जरा थांबली. ‘लेटी हूँ तो तीन,’ ती म्हणाली, ‘और खाँसती हूँ तो सात.’

नर्सने लिहून घेतलं. आई माझ्याकडे वळली. ‘आणि ती उशी दे इकडे. आधी इंजेक्शन घेते, मग खोकते.’