घरच्या शिक्क्याची बिअर

मी बिअर पितो, हे वाक्य लिहिताना माझा हात अजूनही थोडा कापतो. बिअरमुळे नव्हे. हा लेख आमच्या शाखेत कुणी ना कुणी वाचणार आणि सोमवारी एखादा पेन्शनर पासबुक पुढं सरकवताना ‘काय, मग?’ एवढंच म्हणून डोळे मिचकावणार, या भीतीनं.

वास्तविक भिण्यासारखं काही नाही. माझ्याकडे परवाना आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, त्यामुळे पिणाऱ्याला परवाना लागतो. मी रीतसर पैसे भरून आजन्म परवाना काढला आहे. प्रकृतीच्या रक्षणासाठी मला मद्याची गरज आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. बी.कॉम.नंतर मिळालेलं माझं हे एकमेव प्रमाणपत्र. पण ही ते फ्रेम करून लावू देत नाही. मित्रमंडळींत असा परवाना काढलेला मी एकटाच. बाकीचे नुसतेच पितात.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता विलायतेला गेलो. माझा धाकटा भाऊ तिथं रेडिंगला असतो. (लिहितात ते वाचलं तर ‘रीडिंग’ होतं, पण तसं म्हटलं की लोक हसतात.) एके काळी हे गाव बिअर, बिस्किटं आणि फुलझाडांचे कंद या तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. आता तिन्ही कारखाने गावातून गेले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटरवाले आले. त्यांतलाच एक आमचा धाकटा. बाबा गेले तेव्हा तो बारावीत होता. मी बँकेत चिकटलो आणि तो इंजिनिअर झाला. त्याची फी मी भरली. हे मी कधी बोलून दाखवत नाही, आत्ताही दाखवलं नसतं. पण पुढं हिशेबाला लागणार आहे.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं माझ्यापुढं एक देखणी बाटली ठेवली. बूच उघडल्याबरोबर हापूसच्या पेटीवरचं गवत बाजूला सारावं तसा वास आला. ‘क्राफ्ट बिअर आहे, दादा,’ तो म्हणाला. किंमत विचारली तर म्हणाला, ‘तू पी रे.’ बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला किंमत न सांगता काहीही पाजणं म्हणजे छळ आहे. रात्रभर मला झोप आली नाही. (हिचं म्हणणं, मी घोरत होतो.)

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सुपरमार्केटात गेलो. आपल्याकडे बिअरच्या दुकानाला जाळी असते. जाळीतून नोट आत जाते, काळ्या पिशवीतून बाटली बाहेर येते, आणि तेवढ्या वेळात आपण रस्त्याच्या पलीकडे ओळखीचं कुणी नाही ना हे पाहत असतो. इथं माझ्या आईच्या वयाच्या बायका कोबीशेजारी बिअरच्या बाटल्या ठेवून तोंडानं गाणं गुणगुणत ढकलगाडी ढकलत होत्या. मी उगीचच कोथिंबिरीची एक जुडी घेतली आणि मग बाटल्यांच्या रांगेत शिरलो.

तिथं मला घरच्या शिक्क्याचा शोध लागला.

म्हणजे असं. आपला वाणी जसा दुसऱ्याकडून मसाला करून घेतो आणि पुडीवर स्वतःच्या दुकानाचं नाव छापतो, तसं तिकडची मोठी दुकानं बिअरचं करतात. बिअर करणारा कुणी वेगळाच, लेबल दुकानाचं. मार्क्स अँड स्पेन्सरवाले निदान काही बाटल्यांवर खऱ्या ब्रुअरीचं नाव छापतात. लिडलवाल्यांनी तर ‘हॅदरवूड क्राफ्ट बिअर कंपनी’ असं भारदस्त नावच ठेवलं आहे. ऐकून वाटतं, कुठंतरी ओढ्याकाठी दाढीवाला हॅदरवूड पिंपं ढवळत बसला असेल. तसा कुणी नाही. ते दुकानाचंच नाव, माल दुसरीकडून येतो. आल्डीची तऱ्हा आणखी न्यारी. ब्रूडॉग म्हणून एक नामांकित कंपनी आहे. तिची ‘पंक आयपीए’ निळ्या डब्यात मिळते. आल्डीनं तशीच दिसणारी स्वतःची बिअर काढली. २०२० मध्ये ब्रूडॉगच्या मालकानं कोर्टात जायचं सोडून आल्डीच्या धाटणीवर आपलीच एक बिअर काढली, तिला ‘एएलडी आयपीए’ असं नाव दिलं, आणि ती आल्डीनंच आपल्या फळ्यांवर विकायला ठेवली! आपल्याकडे एवढ्या भांडवलावर दोन सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टात गेले असते.

मला या बाटल्यांबद्दल एकदम माया वाटली. २०२० च्या एप्रिलमध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यांत आमचीही गेली. शुक्रवारपर्यंत एक पाटी होती, पुढं दुसरी आली. पासबुकाचं कव्हर बदललं, पेनांवरचं नाव बदललं, पण आत मीच. तोच काउंटर, तोच पंखा, तीच टाचण्यांची डबी. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, ‘नव्या बँकेची माणसं बरी आहेत हो, जुन्या बँकेत एक तुमच्यासारखाच होता, फार चिडका.’ शिवाय जन्मभर मी स्टेटमेंटं तयार करत आलो आणि खाली सही दुसऱ्याची. तेव्हा दुसऱ्याच्या नावानं फळीवर उभं राहण्यातलं दुःख मला कुणी सांगायला नको.

मी वही काढली आणि कामाला लागलो. बाटलीचं माप, ताकद, किंमत, लिटरमागे दर. तिकडे बाटलीवर युनिटं छापतात. दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. पाचशे मिलिलिटरची पाच टक्क्यांची बाटली म्हणजे अडीच युनिटं. आठवड्याला चौदाच्या वर जाऊ नये असा तिथल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला आहे. (चौदाचा आकडा हिनं पाठ केला. माझा वाढदिवस तिच्या लक्षात राहत नाही.) मग कर. २०२३ च्या ऑगस्टपासून तिकडे ताकदीवर कर बसवतात. तेव्हाचा दर लिटरभर शुद्ध अल्कोहोलमागे २१ पौंड १ पेनी. म्हणजे या बाटलीवर साडेबावन्न पेन्स. त्यावर वीस टक्के व्हॅट. घरच्या शिक्क्याची बाटली मी पावणेदोन पौंडांना घेतली, त्यात सुमारे ब्याऐंशी पेन्स सरकारचे. आपण बूच काढतो तेव्हा सरकार जवळजवळ निम्मी बाटली पिऊन तोंड पुसत बसलेलं असतं. गंमत अशी की अडीच पौंडांच्या नामांकित बाटलीलाही तो साडेबावन्न पेन्सचा कर तेवढाच. फरक पडतो तो आतल्या मालाचा आणि वरच्या नावाचा. त्यात माल किती आणि नाव किती, हा माझ्या संशोधनाचा विषय.

मागच्या अंगणात बसून मी हे आकडे मांडत होतो तेव्हा कुंपणापलीकडचे आजोबा (निवृत्त पोस्टमन) बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी धाकट्याला विचारलं, तुझ्या भावाला ‘डुलाली’ झालंय का? डुलाली म्हणजे वेड, असं धाकट्यानं मला हळूच सांगितलं. मी ताडकन उठलो. अहो, डुलाली म्हणजे आमची देवळाली! आमच्या नाशिकरोडच्या शाखेबाहेर रिक्षात बसलं की थोड्या वेळात देवळाली कॅम्प. गोऱ्या सोल्जरांची नोकरी संपली की बोट मिळेपर्यंत त्यांना तिथं ठेवत. महिनोन्‌महिने काम नाही, करमणूक नाही. कंटाळून त्यांची डोकी फिरत. ‘डुलाली टॅप’ असा तो मूळ शब्द, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढं २००९ मध्ये पुण्यात एकानं बिअर गाळायला घेतली तेव्हा डुलाली हेच नाव दिलं. आजोबांना हे ऐकून इतका आनंद झाला की ते एक बाटली घेऊनच कुंपणापाशी आले.

तिच्यावर लिहिलेलं ‘इंडिया पेल एल’. आता त्यांची पाळी होती. लंडनमध्ये बो इथं हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती, जवळच ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटी लागत. त्या बोटींवरून तिची पिंपं मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला जात. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती कडवटपणा आणतात आणि बिअर नासू देत नाहीत, म्हणून हिंदुस्थानच्या पिंपांत सढळ हातानं घालत. थोडक्यात, वेड आमच्याकडून तिकडे गेलं आणि बिअर आमच्या नावानं इकडे आली. देवाणघेवाण बरोबर आहे.

एका आठवड्यात माझं मत बनत आलं. घरच्या शिक्क्याची तांबूस एल उत्तम. नामांकितपेक्षा तसूभर कमी नाही. काळी स्टाउट करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी, आणि मला तो पापुद्रा लहानपणापासून आवडतो. लागर मात्र अशी की पाण्यानं बिअरचं नाव कुठंतरी ऐकलं असावं. आयपीएत खरी मेख आहे. कडू करणं स्वस्त असतं, ते कुणालाही जमतं, कारलंही करतं. पण वासासाठी शेवटी शेवटी पुन्हा हॉप्स घालावी लागतात, ती महाग. पैसे वाचवायचे ठरवले की पहिला जातो तो वास.

तक्त्यात दोन-तीन किमती राहिल्या होत्या. धाकट्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला बिलांची तार लटकते. वाकवलेली तार, तिला टोचलेली बिलं, थेट बाबांची सवय. बिलं काढून वाचायला बसलो. माणसाची कुंडली मला कळत नाही, बिलं कळतात. फेब्रुवारीपर्यंत नामांकित चहा, नामांकित साबण, चांगला बासमती. स्टेशनवरच्या पार्किंगची दर महिन्याची पावती. मार्चपासून पार्किंगची पावतीच नाही. तांदूळ घरच्या शिक्क्याचा, बिस्किटं घरच्या शिक्क्याची, साबण, टोमॅटोचे डबे, मुलीचे वहीकागदसुद्धा. असं खाली खाली येत येत आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवसाचं बिल आलं. त्यावर बदाम, चांगला बासमती आणि अडीच पौंडांच्या सहा बाटल्या.

‘सध्या घरूनच काम असतं,’ असं म्हणून तो रोज वरच्या खोलीत दार लावून बसायचा. दार लावून बसायचा तेव्हा आतून एकदाही कुणाशी बोलल्याचा आवाज आला नव्हता.

रात्री मी हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘मला दुसऱ्याच दिवशी कळलं. चहाचा डबा एका कंपनीचा आहे आणि आतला चहा दुसरा.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तिनं डबा बदलला नाही, म्हणून.’

निघायच्या चार दिवस आधी अंतिम परीक्षा झाली. रंग दिसू नये म्हणून स्टीलची फुलपात्री घेतली; नाशिकच्या भांडी बाजारातून हिनंच पूर्वी भावजयीला दिलेली. धाकटा स्वयंपाकघरात ओतणार आणि कुठल्या नंबरात काय हे चिठ्ठीवर लिहून ठेवणार. भावजय एकेक आणून देणार. मी परीक्षक. पुतणी टाळ्या वाजवणार. चकण्याला आमचा नाशिकचा चिवडा.

पहिलं फुलपात्र लागर, शंकाच नाही. दुसरं तांबूस. तिसरं तोंडाजवळ नेलं आणि हापूसच्या पेटीवरचं गवत बाजूला झालं. मी आठ मार्क लिहिले. चौथं स्टाउट. पाचव्यात कडवटपणा चोख, पण वास नाही. ती घरच्या शिक्क्याची आयपीए. तिला सात. अगदी न्यायानं सात.

धाकटा दाराशी चिठ्ठी घेऊन उभा होता. ‘तिसरी आवडली असेल तर सांग हां दादा,’ तो म्हणाला. ‘उद्या आणखी सहा आणतो.’

बावीस वर्षांत मी एक आकडा फिरवलेला नाही. एकदा रात्री साडेनऊपर्यंत बसून चार रुपये वीस पैशांचा फरक शोधला आहे. सातचा नऊ करायला मात्र काही लागत नाही. वर एक वेटोळं वाढवलं की झालं.

‘पाचवी,’ मी म्हणालो. ‘निःसंशय पाचवी. आता मी जाईपर्यंत तीच आणायची. तिसरी कसली, नुसता वास! लेबलाचे पैसे घेतात लेकाचे.’

पुतणीनं टाळ्या वाजवल्या. ही एकदम चिवड्यातले खोबऱ्याचे काप शोधायला लागली. धाकट्यानं माझ्या हातातून वही घेतली, दिव्याखाली नेली आणि बराच वेळ बघितली. कॉलेजात असताना सुट्टीत तो माझ्याबरोबर बँकेत येऊन बसायचा. काय बघायचं ते त्याला मीच शिकवलेलं.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘पाचव्या नंबरात खाडाखोड आहे. बाजूला सही नाही.’

मी खिशातलं पेन काढलं आणि नवाशेजारी छोटी सही केली, तारखेसकट. त्यानं पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली केली.