एकच कॅसेट

सुपर निन्टेन्डो हा गेम कन्सोल कुणाला दाखवायचा, तर कॅसेट कोणती लावू? बहुतेक जण ‘डाँकी काँग कंट्री’ म्हणतील. ती देखणी खरीच, पण तिची चित्रं आधी महागड्या संगणकांवर घडवून मग आत बसवलेली. ‘योशीज आयलंड’च्या कॅसेटमध्ये तर जादा चिपच आहे. मी ‘एफ-झिरो’ लावणार. १९९० साली जपानात यंत्राबरोबर त्याच दिवशी आलेला हा शर्यतीचा खेळ. एक सपाट चित्र यंत्रातल्याच ‘मोड ७’ या चित्रपद्धतीने ओळीगणिक लहानमोठं करत, फिरवत तो अख्खा रस्ता डोळ्यांसमोर पळवतो, तेही जादा चिपशिवाय. यंत्राची स्वतःची ताकद ती हीच! दोघांना मिळून खेळता येत नाही, हे मात्र मनाला लागतं. तरी त्यातल्या ‘म्यूट सिटी’ या शर्यतीच्या ट्रॅकचं संगीत सुरू झालं की मला दुसरा खेळ सुचतच नाही.