गाजराचा तोतया

आमच्या मिसळणाच्या डब्यात एक अख्खे कूळ एकत्र कुटुंबासारखे नांदते आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. धने, जिरे, ओवा, बडीशेप ही सारी एकमेकांची भावंडे. डब्याबाहेर पुडीत बांधून ठेवलेले शहाजिरे त्यांतलेच. डबीत कोंडलेला हिंगही त्यांचाच. फक्त तो दाणा नव्हे, मुळाचा वाळलेला चीक. भाजीच्या टोपलीतली कोथिंबीर, शेपू आणि गाजर हीसुद्धा याच घरची. आता एवढे ज्ञान म्हणजे काही मोठी विद्वत्ता नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ते सापडेल. पण मला ते ज्या रीतीने मिळाले त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच एका माणसाने दिली. तीच हकीगत सांगायची आहे.

मी शाळेत मास्तर होतो. सारी हयात दादरच्या चाळीत राहून मुलांना गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर चिरंजीवांनी अंबरनाथला पूर्वेकडे, पालेगावात, जागा घेतली आणि आम्ही उभयता तिकडे राहायला गेलो. पालेगाव हे तेव्हा अर्धे गाव आणि अर्धे शहर होते. एका खिडकीतून समोरच्या इमारतीचे सिमेंटचे खांब दिसत, तर दुसरीतून भाताची खाचरे आणि त्यांच्यापलीकडे मलंगगडाची रांग. चाळीतल्या माणसाला एवढी हिरवळ एकदम मिळाली की त्याचे डोके थोडे फिरतेच. माझेही फिरले. मी भिंग विकत घेतले, एक वही घातली आणि दिसेल त्या झाडाला नाव द्यायला लागलो.

आमच्या इमारतीशेजारी एक मोकळा भूखंड होता. पहिल्याच पावसात त्यावर कमरेएवढे रान माजले. पाने बारीक कातरलेली, थेट गाजराच्या पाल्यासारखी, आणि शेंड्यावर पांढऱ्या फुलांचा चुरा. खाली येऊन मी एकाला नाव विचारले. तो म्हणाला, "गाजरगवत." झाले! पान गाजराचे, नाव गाजराचे, मग कूळ दुसरे कुठले असणार? भूमितीत दोन कोन समान निघाले की मी त्रिकोण समरूप आहेत असे मुलांना सांगत असे. त्याच आत्मविश्वासाने मी वहीत लिहिले: रानगाजर.

वहीत लिहून थांबलो असतो तरी बिघडले नसते. पण सोसायटीच्या सभेत ते रान काढायचा विषय निघाला. कोणी म्हणाले, औषध फवारा. मी उभा राहिलो आणि अर्धा तास बोललो. हे कोथिंबिरीच्या नात्यातले झाड, निरुपद्रवी, उगाच विष कशाला मारायचे, माळीबुवा हाताने उपटून टाकतील! सभेला ते पटले. माळीबुवा मागे भिंतीला टेकून उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

माळीबुवा जवळच्याच वाडीवरचे. चाळिशीचे, सडपातळ, कामाला वाघ. त्यांनी दोन पावसाळे ते रान उघड्या हातांनी उपटले आणि छातीशी कवळ धरून नेऊन टाकले. तिसऱ्या वर्षी त्यांचे खाडे पडू लागले. एके दिवशी फाटकाशी भेटले तेव्हा मला ओळखच पटेना. पापण्या सुजलेल्या, मानेची आणि कोपरांच्या खोबणीची कातडी जाड, काळपट आणि खाजवून खाजवून फुटलेली. उन्हात उभे राहवत नव्हते. मी त्यांना घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी हात पाहिले, मान पाहिली आणि एवढेच विचारले, "गाजरगवत उपटता का?"

मग त्यांनी समजावून सांगितले. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा स्पर्श पहिल्या दिवशी बहुधा जाणवत नाही; वारंवार झाला की काहींच्या अंगात त्याचे वावडे तयार होते. मग झाडाला हात लावायचीही गरज उरत नाही, वाऱ्यावर उडालेल्या त्याच्या कणांनीसुद्धा कातडी पेटते. कोणाला त्यापायी दमाही जडतो. मलम-गोळ्यांनी आराम पडेल, पण खरे औषध एकच, त्या झाडापासून दूर राहणे.

परतताना रिक्षात मी माळीबुवांना म्हटले, "तुम्हांला हे झाड वाईट आहे हे ठाऊक नव्हते?"

"होतं की," ते म्हणाले. "आम्ही त्याला काँग्रेस म्हणतो. गुरंपण तोंड लावत नाहीत. पण तुम्ही सभेत सांगितलंत ना, कोथिंबिरीचं सोयरं आहे म्हणून. मास्तर माणूस, म्हटलं, पुस्तकात तसंच असंल."

मी उरलेला रस्ताभर बाहेर पाहत बसलो. दोन महिने त्यांचा रोज बुडाला. तो मी भरून दिला, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. कातडी थोडीच भरून देता येते?

त्या हिवाळ्यात मी पुन्हा विद्यार्थी झालो. खिडकीतल्या कुंडीत मूठभर धने रगडून टाकले आणि कोथिंबीर न खुडता तशीच वाढू दिली. सौभाग्यवती रोज कुरकुरत होती, कारण बाजारातून जुडी विकत आणायची आणि घरची नुसती बघत बसायची, हा हिशेब तिला मान्य नव्हता. पण त्या एका कुंडीने मला जे शिकवले ते माझ्या वहीला जन्मात सुचले नसते.

पहिला धडा असा की पानावर भिस्त ठेवू नये. कोथिंबिरीची खालची पाने रुंद असतात, ती आपण खातो. पण झाड फुलावर आले की वरची पाने दोऱ्यासारखी बारीक होतात. एकाच झाडाची दोन पाने जिथे एकमेकांना ओळख देत नाहीत, तिथे पानावरून कुळाचा निवाडा करणारा मी कोण? पानापेक्षा पानाच्या देठाचे बूड पाहावे. ते पसरट होऊन, तलवारीला म्यान असावे तसे खोडाला कवेत घेते. शेपूच्या जुडीतही हे सहज दिसते.

दुसरा धडा फुलोऱ्याचा. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला चामरकल्प म्हणतात. चामर म्हणजे चवरी. मला आपली छत्री जवळची वाटते. एका बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे निघतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकावर पुन्हा एक लहान छत्री असते. फूल इवलेसे, पाच पाकळ्यांचे, पाच केसरांचे. कडेच्या फुलांची बाहेरच्या बाजूची पाकळी मोठी असते, जणू रस्त्याकडच्या भिंतीलाच काय तो रंग दिलेला!

आणि तिसरा धडा फळाचा. हा सर्वांत पक्का. आपण ज्याला दाणा किंवा बी म्हणतो ते खरे तर या कुळाचे फळ. ते दोन अर्धुकांचे असते, वाळले की दुभंगते. धने तळहाताखाली रगडा, दोन वाट्या वेगळ्या होतील. जेवणानंतर आपण धनाडाळ चघळतो, ती 'डाळ' होते ती याच दुहेरीपणामुळे. बडीशेपेच्या दाण्यावर उभ्या शिरा दिसतात आणि त्या शिरांच्या मधल्या खोबणींखाली तेलाच्या बारीक नळ्या असतात. सारा सुगंध तिथला.

एवढे शिकल्यावर मी हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून, गाजरगवताची एक फांदी भिंगाखाली धरली. देठाला म्यान नाही. छत्री नाही, फांदीला फांदी फुटत गेलेली. आणि ज्याला मी पांढरे फूल समजत होतो ते एक फूल नव्हतेच. ते अनेक सूक्ष्म फुलांचे गच्च बसलेले बोंड होते, कडेला पाच नखाएवढ्यासुद्धा नसलेल्या पाकळ्या. म्हणजे हे झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले! भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईतली भलीभली माणसे चकवली. मी तर साधा गणिताचा मास्तर. (पुस्तके पान चुरगाळून वास घ्यायला सांगतात. ओव्याच्या बाबतीत खुशाल घ्या. अनोळखी झाडाच्या बाबतीत मी हा सल्ला कोणाला देणार नाही.)

हा तोतया मूळचा अमेरिका खंडातला. पुण्याला तो आढळल्याची नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे त्याने देश व्यापला. अमेरिकेच्या गव्हातून आला असे लोक सांगतात, म्हणून तेव्हाच्या राज्यकर्त्या पक्षाचे नाव त्याला चिकटले. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आले. पावसाळ्यात ते आमच्याकडेही पाने चाळण करताना दिसतात. आपला साधा टाकळाही त्याला दाटी करून हटवतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे खऱ्या गाजराच्या कुळातले सारे सज्जन का? तसेही नाही. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला पाजला तो हेमलॉकचा रस याच कुळातला. ते झाडही छत्रीच धरते; खोडावरचे जांभळे ठिपके हीच त्याची खूण.  आपल्या सह्याद्रीत या कुळाची रानटी माणसे वेगळी. बाफळी असते, तिची फळे औषधात घेतात. पंद असते, भाद्रपदात माळशेजच्या उतारावर तिच्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या मी पाहिल्या आणि बाहेरची मोठी पाकळी दुरूनच ओळखली. हे झाड कोकण-सह्याद्रीखेरीज जगात कुठे नाही. १९८६ साली शास्त्रज्ञांनी त्याचा वंश निराळा केला, तेव्हा त्याला 'पिंडा' असे नाव दिले. घाटातून उतरताना मी सौभाग्यवतीला तीनदा ते सांगितले.

माळीबुवा पुढच्या पावसाळ्यात कामावर आले. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, आणि गाजरगवताला हात लावायचा नाही असा सोसायटीचा ठराव. ते रान आता फुलण्याआधीच यंत्राने कापतात. एकदा संध्याकाळी त्यांनी मला खाचराच्या बांधाकडे नेले. पाण्याच्या ओलीवर जमिनीसरशी एक वेल पसरली होती. पाने गोल, बेडकाच्या पावलासारखी, कडेला बोथट दाते.

"मास्तर, ही कारिवणा. काही लोक ब्राह्मी म्हणतात. तुमच्या बाईंना तेलात घालायला हवी होती ना?"

माझ्या जिभेच्या टोकावर आले होते, की हिचा कोथिंबिरीशी काडीचाही संबंध नाही. या खेपेस मी बोललो नाही. गुडघे टेकून पान उचलले. खाली, जवळजवळ मातीत, तांबूस फुलांचा चिमुकला झुबका होता, दांडे एकाच बिंदूतून निघालेले. शेजारच्या झुबक्यात एक चपटे फळ धरलेले होते. भिंग लावले. फळाच्या मधून रेघ. दोन अर्धुके पाठीला पाठ लावून बसलेली. गाजराच्या पानाचा तो परका निघाला होता आणि ही गोल पानाची मात्र सख्खी!

"बरोबर आहे का?" माळीबुवांनी विचारले.

"बरोबर आहे," मी म्हटले.

ओंजळभर पाला घेऊन मी मोठ्या ऐटीत घरी आलो. सौभाग्यवतीने पाल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"कोणी ओळखला?"

"मी," असे म्हणालो खरा. पण खिडकीतून खाली माळीबुवांना हाक मारून, त्यांनी मान डोलावेपर्यंत तो पाला काही तेलात पडला नाही.