पैसे देण्याआधी चित्रं मोजा

मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. भारतीय चित्र-शिल्पांवरची जुनी पुस्तकं जमवायला लागलो त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्याच मोठ्या खरेदीत मी फसलो. दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

ओळखीच्या एका जुन्या पुस्तकवाल्याचा फोन आला. ई. बी. हॅवेल यांचं ‘इंडियन स्कल्प्चर अँड पेंटिंग’ आलंय, 1908ची पहिली आवृत्ती. हे पुस्तक मला फार दिवसांपासून हवं होतं. आपली शिल्पं म्हणजे नुसते पुराणवस्तूंचे नमुने नाहीत, ती खरी कला आहे, असं हॅवेल ठासून सांगत होते. 1910मध्ये लंडनला त्यांच्या व्याख्यानानंतर, मुंबईत बरीच वर्षं काढलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी जावातल्या एका बुद्धमूर्तीला चरबी घालून उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. त्यावर मोठा निषेध झाला आणि त्याच वर्षी तिथे इंडिया सोसायटी स्थापन झाली. हा सगळा इतिहास मला माहीत होता. म्हणूनच घाई झाली. मी पहिलं पान पाहिलं, साल पाहिलं आणि साडेचार हजार मोजले.

आठवड्याने निवांत वाचायला बसलो. सहज चित्रसूची काढून एकेक चित्र ताडून पाहिलं. तीन चित्रं नव्हती, त्यातली दोन बोरोबुदूरच्या शिल्पपटांची. शिवणीजवळ ब्लेडने कापल्याच्या बारीक पट्ट्या राहिल्या होत्या. एका ठिकाणी चित्रावरचा बटर पेपर तसाच होता, खाली चित्र नव्हतं. पुस्तकवाला म्हणाला, “सर, तुम्ही बघूनच घेतलंत ना?” त्यावर मला बोलता आलं नाही. घरी बायकोला हे सांगायला मी महिना लावला.

दुसरी चूक माझ्या हातची. एक पान फाटलं होतं, त्याला मी सेलोटेप लावला. पाच-सहा वर्षांत टेप सुकून पडला आणि कागदावर तपकिरी, तेलकट पट्टा उरला. तो निघत नाही. पुढे एका ग्रंथालयात पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी मला रीत दाखवली. गव्हाच्या पिठातला चिकट भाग (ग्लूटेन) काढून टाकून उरलेल्या स्टार्चची पातळ खळ करायची आणि फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची पट्टी लावायची. पुढे कधी काढावी लागली, तर थोड्या ओलाव्याने ती सुटते. आधी रद्दीच्या पानांवर सराव करा. गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या चित्रांना मात्र मी हात लावत नाही. तो कागद ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात, मग सोडवता येत नाहीत.

तिसरा धडा पावसाळ्याने दिला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं होतं. कापडी बांधणीवर पांढरी बुरशी आली. त्यातच नव्याने आणलेल्या एका पुस्तकातून कसर शेजारच्या चार पुस्तकांत गेली. डांबराच्या गोळ्यांनी काही झालं नाही, फक्त डोकं दुखायचं. आता कपाट आतल्या भिंतीजवळ आहे, मागे चार बोटं जागा सोडली आहे. नवीन पुस्तक महिनाभर वेगळं ठेवतो. बारीक भोकं किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर कोरडं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करतो आणि ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतो. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पुस्तकाला पाणी सुटतं.

एक गोष्ट सांगायला जड जाते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनला पाठवलेल्यांपैकी बऱ्याच 1885च्या आगीत जळाल्या. त्या कामावरचं ग्रिफिथ्स यांचं दोन खंडांचं पुस्तक 1896-97मध्ये निघालं. अजिंठ्याचे रंग त्यानंतरही झिजत गेले, म्हणून ही छापील पानं मोलाची आहेत. त्यातलं एक सुटं पान मी विकत घेऊन फ्रेम केलं होतं. दोन वर्षं ते भिंतीवर होतं. मग एकदा हॅवेल उघडलं, त्या कापलेल्या पट्ट्या दिसल्या आणि लक्षात आलं, सुटं पान म्हणजे कुठलं तरी पुस्तक मोडलेलं. जोवर माझ्यासारखे घेणारे आहेत, तोवर ब्लेड चालणारच. त्यानंतर सुटं पान घेतलं नाही.

आता दुकानात गेलो की आधी चित्रसूची उघडतो आणि एकेक चित्र मोजतो. शिवणीजवळ बोट फिरवतो. पहिल्या पानाची मागची बाजू वाचतो, कारण पुनर्मुद्रण पहिली आवृत्ती म्हणून विकलं जातं. हॅवेलच्या याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती 1928ची आहे. अर्धा तास जातो. दुकानदार कुरकुरला तर पुस्तक ठेवून निघतो.

ते हॅवेल अजून माझ्याकडेच आहे. एका ग्रंथालयाच्या प्रतीवरून मी तिन्ही चित्रं रेखाटून घेतली आणि वेगळ्या पाकिटात ठेवली. पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी आहे: कोणती तीन चित्रं नाहीत, कोणत्या पानांसमोरची. माझ्यानंतर हे पुस्तक ज्याच्या हाती जाईल, पैसे देण्याआधी त्याला ते कळलं पाहिजे.