बैठक आणि कॅमेरा

नृत्यपट म्हटले की आपल्याकडे 'नाच असलेला चित्रपट' एवढाच अर्थ घेतला जातो. 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२), 'नटरंग' (२०१०) ही नावे लगेच ओठांवर येतात. या चित्रपटांतली लावणी गुणाने कमी आहे असे नाही. पण ती कथानकाच्या सोयीने येते आणि कथानक पुढे सरकले की थांबते. नृत्य हाच ज्याचा विषय आणि नाचणाराचा देह हीच ज्याची भाषा, असे चित्रपट मराठीत फारच थोडे झाले. याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधण्यापेक्षा आश्रयाच्या स्वरूपात शोधावे, असे मला वाटते.

वास्तविक लावणीचा एक प्रकार तर कॅमेऱ्याला अगदी जवळचा आहे. बैठकीच्या लावणीत कलावती बसून गाते. एकच ओळ ती पुन्हापुन्हा घेते आणि दर वेळी भुवई, बोटे, पदराचे टोक यांच्या आधाराने तिचा अर्थ पालटून दाखवते. जे शब्दांत तक्रार वाटते ते अदेत आर्जव होते. हे सगळे घडते ते हातभर अंतरावर. मागच्या रांगेपर्यंत ते पोचतच नाही. चित्रपटातले समीपदृश्य नेमके तेच अंतर राखू शकते.

प्रत्यक्षात काय होते? नांदेडहून लातूरकडे येताना लोहा ओलांडले की माळेगाव लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीस तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा, गाढवांचा बाजार असतो आणि जिल्हा परिषदेच्या वतीने लावणी महोत्सवही होतो. मंचासमोर असंख्य मोबाइल उंचावलेले असतात. त्यांत टिपले जाते ते दुरून, कर्कश ध्वनिक्षेपकासह आणि बहुधा सर्वांत वेगवान तुकड्याचे. एम. ए.च्या लोकसाहित्याच्या तासाला विद्यार्थी अशा चित्रफिती आणतात, तेव्हा मी एकच प्रश्न विचारतो : हिचे नाव काय? गाण्याचे नाव सांगता येते, पार्टीचे सांगता येते. नाचणारीचे बहुधा येत नाही. आपल्या अभ्यासक्रमाचीही रीत हीच आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांची संहिता आपण शिकवतो. ती संहिता जिच्या देहातून उभी राहिली ती आपल्या टिपणांत नसते.

वेळेवर न मिळालेल्या आश्रयाची किंमत काय असते, याचे उदाहरण लावणीबाहेरचे आहे. सत्यजित राय यांनी १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कोलकात्यात बालसरस्वतींचे भरतनाट्यम् पाहिले. त्यांच्यावरचा 'बाला' हा माहितीपट मात्र ते १९७६ मध्ये करू शकले. त्यासाठी मुंबईचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आणि तमिळनाडू शासन पाठीशी उभे राहिले. तोवर बालसरस्वती अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या होत्या. त्या उमेदीच्या काळात असताना हा चित्रपट व्हायला हवा होता, ही राय यांची खंत होती. रायांसारख्या दिग्दर्शकाच्या आणि बालसरस्वतींसारख्या नर्तकीच्या बाबतीत चार दशके जात असतील, तर संगीत बारीतल्या कलावतीने कुणाची वाट पाहावी?

आपल्याकडच्या योजनांचे स्वरूप पाहिले की मधली पोकळी स्पष्ट दिसते. मराठी चित्रपटाला राज्य शासन दर्जानुसार अनुदान देते, पण ते पूर्ण लांबीच्या पडद्यावरच्या चित्रपटाला. वृद्ध कलावंताला मानधन मिळते. २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले आहे. म्हणजे चित्रपट पूर्ण झाल्यावर निर्मात्याला साहाय्य आणि पाय थकल्यावर कलावतीला साहाय्य. ती उमेदीत असताना तिने चार दिवस सुपाऱ्या सोडून कॅमेऱ्यासमोर बसावे, यासाठी पैसा कोणत्याही खात्यात नाही. जे झाले ते बहुतांशी व्यक्तींच्या चिकाटीने झाले. सावित्री मेधातुल यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट आणि भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक त्या चिकाटीची फळे होत. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेकडे भारतीय भाषांतूनही अर्ज करता येतो, ही गोष्ट आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांपर्यंत अजून पुरेशी पोचलेली नाही.

पैशाइतकाच प्रश्न हक्काचा आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क आला. तिच्या संमतीवाचून चित्रण करणे हा त्या हक्काचा भंग आहे आणि हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटात सहभागी होण्याचा लेखी करार केला तरी, व्यावसायिक वापरातला वाटा मागण्याचा अधिकार तिच्याकडे राहतो. या कायद्यातली कलावंताची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, नर्तक, डोंबारी, गारुडी यांच्याच ओळीत तिथे व्याख्यान देणाराही बसवला आहे. आपले व्याख्यान कुणी न विचारता चित्रित करून त्यावर कमाई केली, तर आपण प्राध्यापक मंडळी गप्प बसणार नाही. माळेगावच्या मंचावरची स्त्रीही कायद्याच्या त्याच कलमात उभी आहे.

म्हणून आश्रयाचा विचार मोठ्या स्टुडिओपासून सुरू करण्याची गरज नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे, लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, आणि बऱ्यापैकी कॅमेरा आता अनेक महाविद्यालयांत असतो. उणीव आहे ती चार साध्या गोष्टींची : यात्रा संपल्यावर मिळणारी एक शांत खोली, कलावतीला सुपारीइतका रोजचा मोबदला, सोप्या मराठीतला एक पानाचा करारनामा, आणि झालेल्या चित्रणाची एक प्रत तिच्या हाती देण्याचा रिवाज. वादकांनाही यात धरले पाहिजे, कारण ढोलकी-तबल्यावाचून अदा उभी राहत नाही.

एवढे झाले तर पहिले चित्रण कदाचित ओबडधोबडच होईल. पण त्याच्या श्रेयनामावलीत पहिले नाव नाचणारीचे असेल, आणि लोकसाहित्याच्या तासाला विचारलेल्या त्या प्रश्नाला उत्तर मिळेल.